पिंजारपुऱ्याची बाजू

तानाबाई आणि अनवरी चिंचखेडला नांदायला आल्या त्या एकाच उन्हाळ्यात. एक कुणब्यांच्या आळीच्या शेवटच्या घरात, दुसरी पिंजारपुऱ्याच्या पहिल्या घरात. मध्ये कमरेएवढी मातीची भिंत. त्या भिंतीवरून आधी विस्तव गेला, मग वाट्या गेल्या, मग लेकरं गेली. तानाबाईच्या अक्षयला अनवरीनं अंगावर पाजलं होतं आणि अनवरीचा जमीर तापानं फणफणला तेव्हा तानाबाई त्याला घेऊन कळंबच्या दवाखान्यात जाऊन बसली होती. दोघींना आता सुना आल्या होत्या, तरी कोणाला काही सांगायचं असलं की पहिली हाक भिंतीपलीकडेच जायची.

दोन्ही घरांच्या मागे नगरपालिकेची हवाईपट्टी होती. फार पूर्वी कपाशीवर फवारणी करणारी विमानं उतरावीत म्हणून ती बांधलेली. पुढं पाठीवरचे पंप आले आणि विमानं यायची बंद झाली. पट्टीच्या फटींतून गवत उगवलं. मग चिंचखेडनं ती आपली म्हणून वापरली. पोरं तिथं गाडी चालवायला शिकली, बायांनी मिरच्या वाळवल्या, आणि अनवरीचा नवरा मोहिउद्दीन आपल्या पिंजलेल्या कापसाच्या गाद्या उन्हात पसरायला तिथंच नेऊ लागला. पट्टीच्या पूर्वेला पिंजारपुरा, पश्चिमेला काळ्या मातीची वावरं. त्यातलं पहिलं वावर तानाबाईच्या नवऱ्याचं, बबनरावांचं. मोहिउद्दीनच्या गाद्यांत कापूस जायचा तो बहुतेक त्याच वावरातला.

दोन हजार सहा साल लागलं तेव्हा कापसाचे हाल कोणाला सांगायची गरज उरली नव्हती. जिल्ह्यात एक गाव असं नव्हतं जिथं कुठल्या घरच्या कर्त्या माणसानं जीव दिला नाही. पेपरात रोज नावं यायची. मग त्या घरांना भेटायला दिल्ली-मुंबईची मोठी माणसं येऊ लागली. चिंचखेडची पट्टी झाडली गेली, गवत जाळलं गेलं. लहानशी विमानं उतरायची, गाड्यांची रांग धूळ उडवत जायची आणि संध्याकाळच्या आत परतायची. पोरं कुंपणाशी उभी राहून हात हलवायची. त्यात कोणाला काही वाईट दिसलं नाही.

मग एका दुपारी मोजणीची माणसं आली. त्यांनी दोन्ही टोकांना खुंट्या ठोकल्या. मोठ्या विमानाला पट्टी अपुरी पडते, ती दोन्हीकडून वाढवायची आहे, असं त्यांनी सांगितलं. पश्चिमेला सहा जणांची वावरं अर्धी जाणार होती आणि पूर्वेला पिंजारपुऱ्याच्या निम्म्या घरांवर लाल रंगाच्या फुल्या पडल्या. अनवरीच्या दारावरही पडली.

मोहिउद्दीन बराच वेळ त्या फुलीकडे पाहत उभा राहिला. मग भिंतीपलीकडे उभ्या बबनरावांना म्हणाला, "मरनाऱ्याच्या घरी बसाले येतेत हे लोक, बबनभाऊ. बसाले येनाऱ्याईले जागा पाह्यजे म्हणून आमी उठाचं काय?"

बबनराव म्हणाले, "कोनी उठत नाई. मी हाये नं."

हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं. तानाबाई तिथंच होती आणि नवऱ्याचा तो आवाज तिला चांगला ओळखता येत होता. चारच दिवसांत समिती झाली. बबनराव अध्यक्ष, मोहिउद्दीन उपाध्यक्ष. कुणब्यांच्या आळीतली आणि पिंजारपुऱ्यातली माणसं पहिल्यांदा एका सतरंजीवर बसून भांडली, चहा प्याली आणि पुन्हा भांडली. निवेदनं गेली, मोर्चा गेला. मोर्च्याला पुरुष बरेच होते, पण पिंजारपुऱ्याच्या बाया घराबाहेर पडल्या नाहीत.

"तू चालली तर साऱ्या चालतीन," तानाबाई अनवरीला म्हणाली.

अनवरी तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "तुले समजत नाई तानी. काई झालं का पहिलं नाव आमचंच लागते. तुमाले पोलीस इचारतेत, आमाले घेऊन जातेत."

"मी तुह्यासंग राहीन. तुले नेलं तर मले नेतीन."

"खरंच?"

"तुहं घर गेलं तर माहं राह्यलं तरी त्याले घर म्हनाचं काय वं?"

अनवरीनं सूप खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती पिंजारपुऱ्यात दारोदार गेली.

पुढच्या वेळी विमान येणार असल्याचा निरोप आला तेव्हा सकाळीच दोन्ही वस्त्यांच्या बाया पट्टीवर जाऊन बसल्या. ऊन चढलं तसं सिमेंट तापलं. कोणी पदर, कोणी बुरख्याचा घोळ अंगाखाली घेऊन बसलं. लेकरं रडू लागली. पोलीस आले, विनवण्या करून थकले, मग धमकावू लागले. तेवढ्यात आवाज आला. विमान वर आलं, खाली झुकलं, इतकं खाली की खिडक्या दिसल्या. तानाबाईला वाटलं, आता हे अंगावर येतं. अनवरीनं तिचा हात असा धरला की बांगडी रुतली. विमानानं एक फेरी मारली, आणखी एक मारली आणि नागपूरच्या दिशेनं निघून गेलं.

मग अनवरी हसायला लागली. तिचं हसू आवरेना. "गेलं वं तानी! आपल्याले भ्यालं!" तीस वर्षांत तानाबाईनं तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हसत राहिल्या आणि भोवतालच्या बायाही हसू लागल्या. त्या दिवशी पिंजारपुऱ्यात शिरा झाला आणि भिंतीवरून कुणब्यांच्या आळीत घरोघर पोचला.

पोलीस दोन दिवसांनी आले. नेलेल्या माणसांत मोहिउद्दीन होता, जमीर होता, पिंजारपुऱ्याची आणखी पाच-सहा माणसं होती. कुणब्यांच्या आळीतलं एकच पोरगं होतं, तेही संध्याकाळी सुटून आलं. अनवरी तानाबाईला काहीच म्हणाली नाही. पण तानाबाईला तिचं आधीचं बोलणं आठवलं. तिनं बबनरावांना पुढं घातलं. बबनराव तालुक्याला गेले, वकील गाठला, ठाण्याच्या पायऱ्यांवर दिवस काढले आणि सगळ्यांना सोडवून आणलं. मोहिउद्दीन घरी आला तेव्हा त्याच्या गालावर वळ होता. त्यानं बबनरावांना मिठी मारली. भर रस्त्यात दोघं पांढऱ्या केसांची माणसं एकमेकांना धरून उभी राहिली.

त्यानंतर पंधरवड्यानं एका साहेबानं बबनरावांना बोलावून घेतलं. एकट्याला. परत आले ते जेवले नाहीत.

"काय म्हने साहेब?" तानाबाईनं विचारलं.

"काई नाई. सुनावनी हाये म्हने. सर्व्यायचं आयकून घेतीन."

"मंग भाकर काहून टाकली ताटात?"

"भूक नाई."

त्यानंतर ते समितीच्या बैठकीला दोनदा गेले नाहीत. वावरात काम आहे म्हणाले. वावरात काम होतंच. पऱ्हाटीला बोंडं लागली होती. मोहिउद्दीनच म्हणाला, "जाऊ द्या वहिनी, थकले असन. आमी पाहून घेतो."

सुनावणी शाळेच्या पटांगणात झाली. पुढं टेबल, टेबलामागे साहेब, बाजूला नगरपालिकेची माणसं. बाया एका कडेला सतरंजीवर बसल्या होत्या. तानाबाई आणि अनवरी नेहमीसारख्या गुडघ्याला गुडघा लावून. साहेबांचा आवाज मऊ होता. लोकांच्या भावना समजून घेतल्या आहेत, ते म्हणाले. आंदोलनाची दखल घेतली आहे. म्हणून आराखडा बदलला आहे. पश्चिमेची जमीन सुपीक आहे, शेतकरी आधीच संकटात आहे, तेव्हा तिकडं पट्टी वाढणार नाही.

कुणब्यांच्या बाजूला टाळ्या पडल्या. तानाबाईनंही टाळी वाजवायला हात उचलले होते.

"लागणारी सगळी लांबी पूर्वेकडून घेतली जाईल," साहेब पुढं म्हणाले. "तिकडची वस्ती गावठाणाबाहेरची आहे. तिला दुसरीकडं जागा देऊ. याबाबत समितीच्या अध्यक्षांशी चर्चा झालेली आहे आणि त्यांची हरकत नाही."

टाळ्या विरत गेल्या. निम्म्या घरांच्या जागी आता सगळा पिंजारपुरा जाणार होता, हे लोकांच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. मोहिउद्दीन उभा राहिला. साहेबांकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

"बबनभाऊ," तो म्हणाला, "हे खरं नाई म्हना."

बबनराव पुढच्या रांगेत खुर्चीवर होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिची घडी सरळ करत बसले.

"बबनभाऊ, येवढंच म्हना. का हे साहेब खोटं बोलून राह्यले."

बबनरावांचं टोपीवरचं बोट थांबलं. मोहिउद्दीन जरा वेळ तसाच उभा राहिला आणि मग, सभेत उशिरा आलेला माणूस बसतो तसा, ओशाळल्यासारखा खाली बसला.

अनवरीनं आपला गुडघा बाजूला घेतला. "तुले माईत होतं?" तिनं हळूच विचारलं.

"नाई वं. लेकराची आन. मले काईच माईत नाई."

अनवरी तिच्याकडे पाहत राहिली. रागानं नाही. बाजारात ओळखीचा चेहरा दिसावा आणि नाव आठवू नये तशी. मग तिनं सुनेला, शगुफ्ताला, उठायची खूण केली आणि पिंजारपुऱ्याच्या सगळ्या बाया एकामागून एक उठून गेल्या.

घरी आल्यावर तानाबाई नवऱ्यासमोर उभी राहिली.

"काहून केलं असं?"

"दोन्हीकून जात होतं," बबनराव जमिनीकडे पाहत म्हणाले. "साहेब म्हने, एक बाजू वाचवता येते. तुमी नाई म्हनसान तर दोन्ही जातीन. मी काय सांगतो?"

"त्याईले इचारतो म्हनाचं."

"इचारलं असतं तर ते काय म्हनले असते? घ्या आमचे घरं, असं?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "तू पाह्यलं नं, यंदा किती मानसं गेले. वावर हाये म्हणून मी उभा हाये, तानी. ते अर्धं गेलं असतं तर मी नाई राह्यत. मले माईत हाये मी नाई राह्यत."

गेल्या दोन वर्षांत तानाबाईनं स्वतः कितीदा तरी कीटकनाशकाचा डबा माळ्यावरून काढून दुसरीकडं लपवला होता. हे तिनं नवऱ्याला कधी सांगितलं नव्हतं, अनवरीला मात्र सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून पिंजारपुऱ्याच्या लोकांनी तहसील कार्यालयासमोर धरणं धरलं. कुणब्यांच्या आळीतून कोणी गेलं नाही. तानाबाई गेली. बायांनी सरकून तिला जागा दिली. अनवरीनं पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला, जसा सगळ्यांकडे सरकवला. तानाबाई रोज जात राहिली. तिसऱ्या दिवशी अक्षय मोटारसायकलवर आला. "माय, घरी चाल. बाबाच्या तोंडावर लोक हासून राह्यले."

"तू जाय," ती म्हणाली.

आठवडा होत आला तेव्हा एका दुपारी शगुफ्ता, जिचं बाळंतपण तानाबाईच्याच हातून झालं होतं, सगळ्यांसमोर म्हणाली, "तुमचं वावर तं वाचलं मावशी. आता आमच्यात कायले बसता? आमाले मोकळं बोलता येत नाई."

तानाबाईनं अनवरीकडे पाहिलं. अनवरी सुनेला दटावेल, असं तिला वाटलं. अनवरी समोरच्या कडुलिंबाकडे बघत होती. तानाबाई लुगड्याची धूळ झटकून उठली. दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. जायला हवं होतं, हे तिला सकाळी कळत होतं आणि संध्याकाळीही. तिसऱ्या दिवशी तिचा पाय आणखी जड झाला. मग ती गेलीच नाही.

दिवाळी झाल्यावर, वेचणीच्या ऐन दिवसांत, घरं पाडायची मशीन आली. बबनराव उजाडायच्या आत वावरात निघून गेले होते. तानाबाई दारात उभी होती. पिंजारपुऱ्याच्या लोकांनी फार आरडाओरडा केला नाही. त्यांचं रडून झालं होतं. जो तो पत्रे उतरवत होता, दाराच्या चौकटी काढत होता. एक म्हातारी आपल्या चुलीच्या राखेत पाणी ओतत बसली होती. कोणी तिला उठवेना.

अनवरीच्या दारात टेम्पो लागला. जमीर आणि मोहिउद्दीन पिंजायचं यंत्र चढवत होते. अनवरी मोठी लोखंडी पेटी एकटीच ओढत उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथं अडली. तानाबाई भिंत ओलांडून गेली. तिनं पेटीची दुसरी कडी धरली. अनवरीनं वर पाहिलं. तानाबाईला वाटलं, आता ती कडी सोडून देईल.

"सांभाळून," अनवरी म्हणाली. "खालचा पत्रा उकललेला हाये, हात कापन."

दोघींनी पेटी टेम्पोत चढवली. मग भांड्यांचं पोतं, मग पलंगाचे पाय. त्या दोघी घर आवरत होत्या, जसं लग्नाच्या आदल्या दिवशी आवरावं. जड असेल तेव्हा अनवरी "हं" म्हणायची आणि तानाबाई उचलायची. आत काही उरलं नाही तेव्हा मोहिउद्दीन तानाबाईजवळ आला. "येतो वहिनी," तो म्हणाला. बबनभाऊचं नाव त्यानं घेतलं नाही. टेम्पो सुरू झाला तेव्हा अनवरी पुढं, ड्रायव्हरजवळ बसली होती. तिनं मागं वळून पाहिलं ते आपल्या घराकडे.

सरकारनं दिलेली जागा खडकाळ टेकडीवर होती, पाणी खाली नाल्यात. तिथं मोजकीच माणसं गेली. बाकीची जिथं नातेवाईक तिथं पांगली. अनवरीचा भाऊ ढाणकीला होता. ती मंडळी तिकडं गेली.

पिंजारपुरा सपाट झाला. त्यावर मुरूम पडला, रोलर फिरला, मग ठेकेदाराची माणसं रोलर तिथंच ठेवून निघून गेली. पुढच्या वर्षी मोठी माणसं यायची हळूहळू थांबली. मरणारे मरत होते, पण आता पेपरात त्यांची नावं आतल्या पानावर जात होती. वाढवलेल्या पट्टीवर एकही विमान उतरलं नाही. बबनरावांच्या वावरात कापूस पिकला, तो विकला गेला, पुन्हा पेरला गेला. ते कोणाकडे फारसे जात नसत. घरची जुनी गादी फाटली तेव्हा अक्षयनं बाजारातून फोमची आणली. बबनराव तिच्यावर झोपेनात. म्हणाले, पाठ दुखते, आणि सतरंजी टाकून खाली झोपू लागले.

दोन वर्षं गेल्यावर उमरखेडला नात्यातलं लग्न निघालं. तानाबाई अक्षयबरोबर लग्नाला गेली आणि परत येताना एकटीच ढाणकीत उतरली. विचारत विचारत गेली. बाजारामागच्या गल्लीत भाड्याच्या दोन खोल्या होत्या. अनवरीनं दार उघडलं. ती वाळली होती. तिला चष्मा लागला होता.

"अगं बाई," ती म्हणाली. मग दार पूर्ण उघडून बाजूला झाली. "या. बसा."

तानाबाई खुर्चीवर बसली. अनवरीनं फडक्यानं स्टूल पुसलं, त्यावर पाणी ठेवलं. गझाला, धाकटी लेक, नववीत होती, तिला बिस्किटं आणायला पाठवलं. चहा कपबशीत आला, पाहुण्यांना देतात त्या कपबशीत.

"अक्षय कसा हाये? आन् खुशी? आता शाळेत जात असन नं तुमची नात?"

"जाते," तानाबाई म्हणाली.

"म्हैस ठेवली काय तुमी अजून?"

"इकली."

"बरं केलं. तुमच्यानं होत नसन आता." अनवरीनं बिस्किटांची बशी पुढं केली. "घ्या नं. तुमी काईच घेऊन नाई राह्यल्या."

मोहिउद्दीन जिनिंगमध्ये गाठी उचलायला जातो, हे तिनं सांगितलं. पिंजायचं यंत्र विकलं. आता कोणी गाद्या भरून घेत नाही. जमीर हैदराबादला आहे. सगळं ती नीट, एका सुरात सांगत होती. मधेच डोक्यावरची ओढणी सारखी करत होती, परक्या माणसासमोर करावी तशी.

तानाबाईला राहवलं नाही. "अनवरी, तू मले 'तुमी' काहून म्हणून राह्यली वं?"

अनवरीचा हात बशीवर थांबला. तिला ते खरंच माहीत नसावं. तिनं तोंड उघडलं, जणू आता जुन्यासारखं काही बोलणार. तानाबाई वाट पाहत राहिली. गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला.

"सवय तुटली जी," अनवरी शेवटी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण ओढणी लावली नाही. "मी मुद्दाम नाई करून राह्यली. चहा घ्या, थंडा होते."

तानाबाईनं चहा संपवला. निघताना अनवरी बस स्टँडपर्यंत सोडायला आली. बस लागेपर्यंत दोघी बाकावर बसल्या, मध्ये पिशवी ठेवून. अनवरीनं पिशवीत बाजारातून घेतलेली केळी घातली, खुशीसाठी म्हणून. बस हलली तेव्हा तिनं हात वर केला आणि बस वळेपर्यंत तसाच ठेवला.

घरी पोचली तेव्हा बबनराव ओट्यावर बसले होते. तिनं चपला काढल्या, पाय धुतले. ती आत जाऊ लागली तेव्हा बबनराव म्हणाले, "ढानकीले उतरलती म्हने. अक्षय सांगे."

"हो."

"मोहीभाऊ भेटला?"

"कामावर गेलता."

बबनराव हातातली काडी मोडत राहिले. "माह्याबद्दल काई इचारलं त्याईनं? अनवरीनं?"

अनवरीनं अक्षयची विचारपूस केली होती, खुशीची केली होती, म्हशीचीसुद्धा केली होती.

"इचारलं," तानाबाई म्हणाली. "तबेत बरी हाये नं म्हने."

बबनरावांनी मान हलवली. त्यांना ते खरं वाटलं की नाही, हे पाहायला ती थांबली नाही. केळी फडताळात ठेवली आणि कणीक मळायला बसली.